लास वेगासमध्ये बिऱ्हाड मांडताना

लास वेगासला नोकरी लागली म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्ट्रिप उभी राहते. ही जेमतेम सव्वाचार मैलांची हॉटेलांची आणि दिव्यांची पट्टी. लास वेगास ज्या जिल्ह्यात येतं त्या नेवाडा राज्यातल्या क्लार्क काउंटीत मात्र तेवीस लाखांच्या आसपास माणसं राहतात आणि त्यातली बरीचशी घरी पाहुणे आले तरच तिकडे फिरकतात. त्यांचं रोजचं जगणं ठरतं ते ऊन आणि शिफ्ट या दोन गोष्टींवर. घराचं तोंड कुठे असावं, झाडांना पाणी कधी सोडायचं, गाडीची बॅटरी केव्हा बदलायची, रात्री मुलांजवळ कोण थांबणार, हे सगळं तिथूनच सुरू होतं.

इस्पितळात, हॉटेलात, विद्यापीठात कामाला येणाऱ्या किंवा घरांच्या किमतींमुळे कॅलिफोर्नियातून इकडे सरकणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही माहिती साधारण ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने दिली आहे. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पोहोचत असाल तर एसीचा भाग आधी वाचा.

पहिली पायरी: घर कुठे आणि कोणत्या तोंडाचं

पत्त्यात लास वेगास लिहिलंय म्हणून घर लास वेगास शहरात असेलच असं नाही. खुद्द स्ट्रिपचा बहुतेक भाग शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या थेट कारभारात आहे. स्प्रिंग व्हॅली, एंटरप्राइज, पॅराडाइज या वस्त्याही तशाच. हेंडरसन आणि नॉर्थ लास वेगास ही स्वतंत्र शहरं आहेत. अंगणात छत घालायची परवानगी कुठून काढायची, वाहतुकीचं चलान कुठल्या कोर्टात भरायचं, हे हद्दीवर ठरतं. काउंटी असेसरच्या, म्हणजे मालमत्तेची करआकारणी करणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकला की हद्द, जमिनीचं माप आणि करआकारणी एकाच पानावर दिसते. घर पाहायला जाण्याआधी ते पान उघडायची सवय लावून घ्या.

आमचा ठाम सल्ला असा की पहिला उन्हाळा भाड्याच्या घरात काढा. फेब्रुवारीत छान वाटलेलं घर जुलैत कसं वागतं ते राहिल्याशिवाय कळत नाही. भाडेकरारात अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घेता येते आणि घर सोडल्यावर हिशेबासह ३० दिवसांत परत द्यावी लागते. चावी हातात आल्या दिवशी प्रत्येक खोलीचा, गालिचाचा, एसीच्या फिल्टरचा आणि अंगणातल्या ठिबकच्या नळ्यांचा व्हिडिओ काढून घरमालकाला पाठवून ठेवा. सोडताना वाद होतात ते बहुतेक वेळा मेलेल्या झाडांवरून आणि गालिचावरून.

विकत घेताना आपल्याकडची मंडळी पूर्वेचं दार बघतात. श्रद्धा असेल तर जरूर बघा, पण इथे त्याचा एक सरळ परिणाम होतो. दार पूर्वेला म्हणजे मागचं अंगण पश्चिमेला, आणि इथल्या घरांच्या मोठ्या काचा, सरकती दारं, बसायचा ओटा हे सगळं मागच्याच बाजूला असतं. जुलैत दुपारी तीनपासून आठपर्यंत ऊन थेट त्या काचांवर येतं. दिवाणखाना तापतो, एसी थांबत नाही आणि अंगण रात्री नऊपर्यंत वापरता येत नाही. पश्चिमेच्या दाराच्या घराला उलट संध्याकाळी मागे सावली मिळते. उत्तर-दक्षिण घर असेल तर सर्वांत बरं. पूर्वेचंच हवं असेल तर पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून गडद जाळीचे सोलर स्क्रीन आणि ओट्यावर पक्कं छत, एवढा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा. आतले पडदे पुरत नाहीत. काच ओलांडून उष्णता आत आली की ती खोलीतच राहते.

घर पक्कं करण्याआधी चार कागद मागा. पहिला एचओएच्या, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, नियमांचा संच. वस्तीच्या बाहेर आणखी एक मोठी संघटना असते का ते नीट बघा, कारण काही ठिकाणी दोन्हींची वर्गणी भरावी लागते. दुसरा, जमिनीवर सुधारणा कर्जाचा हप्ता बाकी आहे का. नव्या वस्त्यांत रस्ते आणि गटारांचा खर्च असा घरांवर वाटलेला असतो आणि विक्रेता तो आपणहून सांगेलच असं नाही. तिसरा, पूरक्षेत्राचा नकाशा. वाळवंटात पूर कसला, असं वाटेल. त्याबद्दल पुढे येतंच. चौथा, शाळेची हद्द. घर ईशान्येला असेल तर नेलिस हवाईतळाच्या लढाऊ विमानांचा आवाजही एकदा सकाळी उभं राहून ऐका.

काउंटीतल्या जमिनीचा फार मोठा हिस्सा केंद्र सरकारचा आहे. १९९८ च्या कायद्याप्रमाणे तिचे तुकडे लिलावाने बाहेर येतात. इतकं मोठं वाळवंट पसरलेलं असताना घरं एकमेकांना खेटून का, याचं उत्तर त्यात आहे.

घर झाल्यावर काउंटी असेसरकडून एक साधं पोस्टकार्ड येतं. ते जाहिरात समजून टाकू नका. ‘मी स्वतः इथे राहतो’ अशी खूण करून परत पाठवलं तर मालमत्ताकराची वाढ वर्षाला ३ टक्क्यांच्या वर जात नाही. नाही पाठवलं तर ती मर्यादा ८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. कार्ड आलंच नाही तर असेसरच्या कार्यालयात जाऊन मागा. चालू वर्षाची चूक ३० जूनच्या आत सुधारून घेता येते. नेवाडात राज्याचा आयकर नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्या मानाने या कार्डाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुसरी पायरी: पहिले तीस दिवस आणि डीएमव्ही

राहायला आल्यापासून ३० दिवसांत नेवाडाचा वाहनपरवाना आणि गाडीची नोंदणी दोन्ही व्हायला हवं. डीएमव्हीची, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याची, वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती लगेच मिळत नाही, म्हणून विमानाचं तिकीट काढलं त्याच आठवड्यात वेळही घेऊन टाका.

गाडीचा क्रम चुकला तर फेरी फुकट जाते. आधी विमा नेवाडाचा करून घ्या. दुसऱ्या राज्यातली पॉलिसी, कंपनी तीच असली तरी, चालत नाही. मग धुराची चाचणी. क्लार्क काउंटीत पेट्रोल गाड्यांना ती लागते, अगदी नव्या गाड्यांना पहिली काही वर्षं सूट असते. त्यानंतर गाडी घेऊनच डीएमव्हीत जा, कारण चेसिस क्रमांक तिथले लोक स्वतः तपासतात. गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर टायटलबाबत, म्हणजे मालकीच्या कागदाबाबत, बँकेशी आधी बोला. नोंदणीचं शुल्क गाडीच्या मूळ किमतीवर काढलेल्या करामुळे चांगलंच चढतं, नवीन गाडीला काही शे डॉलर सहज लागतात.

गाडी विकली तर आधी नोंदणी रद्द करा, मग विमा. उलट केलं की विम्यात खंड पडल्याची नोंद संगणकाला आपोआप जाते आणि दंड अडीचशे डॉलरपासून सुरू होतो.

भारतातल्या परवान्यावर थेट बदलून मिळत नाही. लेखी आणि गाडी चालवण्याची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) आणि पत्त्याचे दोन पुरावे सोबत ठेवा. भाडेकरार आणि वीजबिल ही जोडी चालते. व्हिसावर असाल तर परवान्याची मुदत आय-९४ च्या मुदतीला बांधलेली असते. व्हिसा वाढला की परवाना आपोआप वाढत नाही, परत जावं लागतं.

तिसरी पायरी: एसी, एप्रिल संपायच्या आत

नागपूर, चंद्रपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला वाटतं, ऊन तर आपल्या ओळखीचं आहे. आकडे ओळखीचेच आहेत. ७ जुलै २०२४ ला इथे १२० अंश फॅरनहाइट म्हणजे जवळपास ४९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. फरक घराच्या बांधणीत आहे. इथली घरं लाकडी सांगाड्याची आणि वरून प्लास्टरची. जाड भिंत, उंच छत, वाळ्याचे पडदे यांतलं काही नाही. एसी बंद पडला की दोन-तीन तासांत घर राहण्याजोगं राहत नाही, आणि जुलैत पहाटेसुद्धा पारा ८५ च्या खाली उतरेल याचा भरवसा नसतो.

म्हणून एप्रिलमध्ये तंत्रज्ञ बोलावून सर्व्हिसिंग करून घ्या. जूनमध्ये फोन केला तर आठ-दहा दिवसांनंतरची तारीख मिळू शकते. घरी करायचं काम एवढंच:

फिल्टरच्या कडेवर माप छापलेलं असतं, ते बघून सहा फिल्टर एकदम आणून ठेवा. एक इंची फिल्टर मे ते सप्टेंबर दर ३० दिवसांनी बदला आणि बसवताना कडेवर तारीख लिहा. बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे यंत्राकडे असावा. उलटा बसला की जाळी आत ओढली जाते.

एसी पंधरा मिनिटं चालू द्या आणि स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर आधी हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी, मग थंड हवा येणाऱ्या जाळीपाशी धरा. दोन्हींत १६ ते २२ अंश फॅरनहाइटचा फरक हवा. कमी आला तर बहुधा फिल्टर किंवा आतलं कॉइल मळलेलं आहे, किंवा गॅस कमी झाला आहे.

छताच्या कडेला, बऱ्याचदा एखाद्या खिडकीच्या अगदी वर, पांढऱ्या पाइपचं एक तोंड बाहेर आलेलं दिसेल. त्यातून पाणी टपकायला लागलं तर ते नेहमीचं पाणी नाही. मुख्य निचरा तुंबला आहे आणि पोटमाळ्यावरची ताटली भरत आली आहे, एवढं सांगण्यासाठीच तो पाइप तिथे काढलेला असतो. त्याच दिवशी निचरा साफ करून घ्या, नाहीतर छताचा जिप्सम बोर्ड खाली येतो.

बाहेरचं यंत्र नुसतं घुमतंय आणि पंखा फिरत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. उन्हाने तोच सर्वांत आधी जातो. थर्मोस्टॅट बंद करा आणि माणूस बोलवा. काठीने पंखा फिरवायचा प्रयत्न करू नका आणि झाकण उघडू नका, वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो.

थर्मोस्टॅट ७८ वर ठेवून छताचे पंखे चालवले तर घर बरं राहतं. कामावर जाताना ८८ वर नेऊन संध्याकाळी पाचला परत ७६ मागू नका. त्या वेळी बाहेर सर्वांत जास्त तापलेलं असतं आणि यंत्र मध्यरात्रीपर्यंत धावत राहतं. चार अंशांपेक्षा जास्त चढवू नका. जुलै-ऑगस्टचं वीजबिल वसंतातल्या बिलाच्या दुप्पट-तिप्पट येतं. वर्षभर समान हप्ते भरण्याची सोय वीज कंपनीकडे आहे, तिची चौकशी आधीच करा.

भाडेकरूंसाठी महत्त्वाचं: नेवाडाच्या कायद्यात एसी ही अत्यावश्यक सेवा आहे. बंद पडला की फोनवर सांगून थांबू नका, लेखी कळवा. शनिवार, रविवार आणि सुट्टी सोडून ४८ तासांत मालकाने दुरुस्ती केली नाही किंवा तसा खरा प्रयत्नही केला नाही, तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करण्यासारखे हक्क मिळतात. लेखी नोटीस नसेल तर यातलं काही मिळत नाही. भाड्याची बाकीही राहिलेली नसावी.

चौथी पायरी: पाणी

वर्षाला सरासरी चार इंचांच्या आसपास पाऊस. पिण्याचं सुमारे ९० टक्के पाणी लेक मीडमधून, म्हणजे १९३० च्या दशकात बांधलेल्या हूव्हर धरणामागच्या कोलोरॅडो नदीतून येतं. घरातल्या मोरीत, न्हाणीघरात गेलेलं पाणी शुद्ध होऊन पुन्हा तलावात जातं आणि तेवढं राज्याच्या खात्यात परत जमा होतं. अंगणात ओतलेलं मात्र वाफ होऊन गेलं ते गेलं. म्हणून इथले सगळे निर्बंध अंगणावर आहेत. हे एकदा कळलं की नियम जाचक वाटत नाहीत.

तुमच्या पत्त्याला पाण्याचा एक गट दिलेला असतो, तो बिलावर किंवा सदर्न नेवाडा वॉटर ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकच दिवस, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीन ठरलेले दिवस, मे ते ऑगस्ट रविवार सोडून कुठलाही दिवस. उन्हाळ्यात सकाळी ११ ते संध्याकाळी ७ पाणी सोडायचं नाही. रविवार बाराही महिने बंद. फुटपाथवरून गटारात पाणी वाहिलं तर दंड बिलात लागून येतो आणि पुन्हा पुन्हा झालं तर वाढत जातो.

टायमर गॅरेजच्या भिंतीवर असतो. तिथे चार गोष्टी तपासा: आजचा वार आणि वेळ बरोबर आहे का, प्रत्येक व्हॉल्व्ह कोणत्या भागाला पाणी देतो, पहाटे सूर्योदयाच्या आधी सुरुवात होते का, आणि आतली ९ व्होल्टची बॅटरी जिवंत आहे का. वादळात वीज क्षणभर गेली आणि बॅटरी मेलेली असली तर जुने टायमर कारखान्यातल्या मूळ वेळापत्रकावर परत जातात आणि रोज पाणी सोडत बसतात. मोठ्या बिलाचं हे एक नेहमीचं कारण आहे.

हिरवळ असेल तर सलग बारा मिनिटं पाणी देण्यापेक्षा चार-चार मिनिटं, तासाच्या अंतराने तीनदा द्या. खालची जमीन इतकी घट्ट आहे की सलग दिलेलं वाहून जातं. ठिबकला उलट सावकाश आणि लांब वेळ लागतो, ड्रिपरच्या मापाप्रमाणे अर्ध्या ते दीड तासापर्यंत. झाड वाढेल तसे ड्रिपर बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या कडेखाली सरकवा. बुंध्यालाच पाणी देत राहिलं की मुळं पसरत नाहीत आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात झाड आडवं होतं. हिरवळ काढून वाळवंटी झाडं लावलीत तर चौरस फुटामागे पैसे मिळतात, पण गवत काढण्याआधी अर्ज आणि पाहणी झालेली हवी. आधी काढून मग अर्ज केला तर अनुदान जातं.

खड्डा खणायला घेतला की फूटभर खाली कुदळ उडते. तो कॅलिची, चुनखडीचा सिमेंटासारखा थर. झाड लावायच्या आदल्या दिवशी खड्ड्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर थर फोडा किंवा जागा बदला, नाहीतर मुळं कुजतात. डाळिंब आणि अंजीर इथे छान येतात. तुती आणि ऑलिव्हच्या परागांचा त्रास देणाऱ्या जाती काउंटीत १९९१ पासून लावायला मनाई आहे, तरी जुनी झाडं मार्च-एप्रिलमध्ये शिंका काढतातच.

आता घरातलं पाणी. ते सुरक्षित आहे, पण अतिशय जड आहे, गॅलनमागे सुमारे १६ ग्रेन क्षार. याचा पहिला पत्ता स्वयंपाकघरात लागतो. तूरडाळ कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही कणी धरून राहते आणि राजमा तर दोन दिवस छळतो. डाळ जुनी लागली असं वाटून लोक दुकान बदलतात. दोष पाण्यातल्या कॅल्शियमचा असतो. ओट्याखाली आरओ बसवा आणि भिजवायला आणि शिजवायलाही तेच पाणी वापरा. चहाचा रंगसुद्धा सुधारतो. पाण्याचा जडपणा घालवणारा सॉफ्टनर बसवला तर नळ आणि भांडी वाचतात, पण त्या पाण्यात सोडियम येतं. ते तुळशीला, कढीपत्त्याला घालू नका.

वर्षातून एकदा गॅरेजमधल्या वॉटर हीटरमधला गाळ काढा. हीटर गॅसचा असेल तर नॉब पायलटवर, म्हणजे नुसत्या छोट्या ज्योतीवर, आणा किंवा विजेचा असेल तर ब्रेकर बंद करा, पाणी निवायला काही तास द्या, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, तळाच्या तोटीला बागेची नळी लावून बाहेर सोडा, घरातला एक गरम नळ उघडा ठेवा आणि मग तळाची तोटी उघडा. टाकी रिकामी झाली की थंड पाणी थोडं थोडं सोडून स्वच्छ येईपर्यंत धुवा. टाकी पूर्ण भरून गरम नळातून सलग धार आल्याशिवाय हीटर परत चालू करू नका. टाकीत गाळ उकळताना मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. तो ऐकू यायला लागला तर उशीर झाला आहे.

कोरड्या हवेचे फायदेही आहेत. पापड, सांडगे, कुरडया मे महिन्यात एका दिवसात कडक होतात. वरून जाळी मात्र बांधा, वसंतातला वारा सगळी धूळ त्यावर आणून टाकतो. कणीक ओल्या फडक्याखाली ठेवा. नव्याने आलेल्या मुलांचा पहिल्या महिन्यात घोळणा फुटतो, रात्री खोलीत ह्युमिडिफायर लावला की थांबतं.

विंचू आणि गाडी

फिकट पिवळा, दोन-तीन इंची बार्क विंचू भिंतीवर आणि छतावरही चढतो. नव्या बांधकामाशेजारच्या घरांत जास्त. अंधार पडल्यावर अतिनील टॉर्च घेऊन अंगणाची सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत तपासा, तो हिरवट चमकतो. दारांखाली पट्टी लावा, न्हाणीघरातल्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवा, पलंग आणि पाळणा भिंतीपासून हातभर दूर ठेवा, बूट झटकून घाला. लहान मूल किंवा म्हातारं माणूस डसलं आणि डोळे फिरायला लागले, गिळता येईना किंवा अंग झटके देऊ लागलं तर सरळ इमर्जन्सीत न्या.

गाडीची बॅटरी इथे दोन ते तीन वर्षं टिकते. तिसऱ्या मे महिन्यात ती चालत असली तरी तपासून घ्या, ऑगस्टमध्ये वाहनतळावर अडकण्यापेक्षा ते बरं. डिकीत प्रतिमाणशी दोन लिटर पाणी कायम ठेवा. मुलाला गाडीत पाच मिनिटंही एकटं सोडू नका. दुपारी डांबर इतकं तापतं की अनवाणी पडलेल्या माणसाची कातडी मिनिटभरात भाजते. अशा भाजण्याचे रुग्ण दर उन्हाळ्यात इस्पितळात येतात. वृद्ध आईवडील भेटीला आले असतील तर अंगणात पेपर आणायलाही चपलेशिवाय जाऊ देऊ नका.

रस्ते रुंद आणि वेगवान आहेत. सिग्नल हिरवा झाल्यावर दोन सेकंद थांबूनच निघा, लाल तोडून येणारे बरेच असतात. दारू चोवीस तास मिळते, त्यामुळे सकाळी सातलाही समोरचा झिंगलेला असू शकतो. स्ट्रिप आडवी ओलांडायची असेल तर डेझर्ट इन रोड धरा, तो स्ट्रिपखालून जातो. रविवारी दुपारनंतर आय-१५ महामार्गावरून कॅलिफोर्नियाकडे निघू नका. जानेवारीतलं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन, नोव्हेंबरची फॉर्म्युला वन शर्यत आणि ३१ डिसेंबर या दिवसांत विमानतळाकडे दीड तास आधी निघा.

पाचवी पायरी: काम, शिफ्ट आणि कार्डं

हॉटेल-कॅसिनोत डे (दिवसाची), स्विंग (संध्याकाळची) आणि ग्रेव्हयार्ड (रात्रीची) अशा तीन पाळ्या चालतात. कोणती पाळी आणि कोणती सुट्टी हे बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतेवर ठरतं. नवीन माणसाला रात्रपाळी आणि मंगळवार-बुधवारची सुट्टी मिळणार, हे धरूनच घर लावा. काहींना आधी एक्स्ट्रा बोर्डवर घेतात, म्हणजे गरज लागेल तेव्हा बोलावणं. त्यात पगार आणि आरोग्यविमा दोन्हींचं गणित आठवड्याच्या तासांवर अवलंबून असतं. नेमणुकीच्या वेळी ‘विमा किती तासांनंतर, कधीपासून’ हे विचारून लेखी घ्या.

अन्न हाताळायचं काम असेल तर सदर्न नेवाडा हेल्थ डिस्ट्रिक्टचं फूड हँडलर कार्ड लागतं, मुदत तीन वर्षं. दारू देण्याच्या कामाला अल्कोहोल जागृतीचं वेगळं कार्ड. खेळाच्या टेबलावर किंवा मशीनवर काम असेल तर गेमिंग कंट्रोल बोर्डाकडे नोंदणी, तीही मालकामार्फत. वय २१ पूर्ण हवं. डीलरांच्या टिपला इथे टोक म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती एकत्र करून वाटतात आणि तिच्यावर कर लागतो, म्हणून पगाराच्या चिठ्ठीत ती दिसते की नाही बघा. घर घेताना बँक तोच आकडा धरते.

रात्रपाळीवाल्याच्या झोपेची सोय हा खरा घरखर्च आहे. पूर्वेची नसलेली एक खोली, काळे पडदे आणि दिवसा चालणारा एसी. दोघंही कामावर जात असाल तर रात्री सांभाळणारी पाळणाघरं थोडी आहेत; नोकरी स्वीकारण्याआधी जागा मिळते का ते पाहा.

गांजा नेवाडात २०१७ पासून दुकानात मिळतो, पण केंद्राच्या कायद्याने तो बेकायदाच आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर घेऊही नका आणि त्या दुकानात नोकरीही करू नका. राज्याचा कायदा इमिग्रेशनसमोर उपयोगी पडत नाही.

जुगार रोजच्या वाटेवर आहे

पणजीच्या मांडवीतल्या बोटींवरचे कॅसिनो माहीत असतील, तर तिथे गोवेकरांना खेळाच्या भागात जायला २०२० मध्ये बंदी आली, हेही माहीत असेल. इथे नेमकं उलटं आहे. वस्त्यांमधले कॅसिनो स्थानिक माणसांवरच चालतात. सिनेमागृह, बोलिंग, स्वस्त जेवण सगळं त्यांच्या पोटात असतं. किराणा दुकानाच्या दाराशी, पेट्रोलपंपावर, विमानतळावर मशीन असतात. नेवाडात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे आणि इथल्या माणसाच्या डोळ्यांना ती मशीन दिसेनाशी झालेली असतात.

२१ वर्षांखालच्यांना सिनेमाला जाताना मधल्या वाटेने जाता येतं, मशीनपाशी थांबता येत नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

पगाराचा दिवस, रात्रपाळी आणि एकटेपणा एकत्र आले की घसरण सुरू होते. पाळी संपली की सरळ घरी, आणि पगार घरखर्चाच्या खात्यात. हात सुटत चालला असं वाटलं तर कॅसिनोत अर्ज देऊन उधारी, चेक वटवणं आणि बक्षिसांची पत्रं बंद करून घेता येतात. हा अर्ज प्रत्येक कॅसिनोत वेगळा द्यावा लागतो. जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या बैठका शहरभर होतात. लाज धरून लपवलेल्या कर्जाने इथे घरं गेली आहेत, म्हणून बायकोला, नवऱ्याला, भावाला लवकर सांगा.

शाळा, डॉक्टर, पूर

क्लार्क काउंटी स्कूल डिस्ट्रिक्ट देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे आणि शाळा पत्त्यावर ठरते. मॅग्नेट, म्हणजे एखाद्या विषयावर भर देणाऱ्या, शाळांचे अर्ज आदल्या शरद ऋतूत भरायचे असतात, सरकारी खर्चाने पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या चार्टर शाळांची सोडत त्यानंतर. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते, ऐन उन्हात. दप्तरात दोन बाटल्या द्या. लसीकरणाच्या नोंदी भारतातूनच इंग्रजीत, डॉक्टरच्या शिक्क्यासह आणा. डॉक्टरांची टंचाई आहे. बरं असतानाच फॅमिली डॉक्टरकडे नाव घाला, नव्या रुग्णाला तारीख मिळायला आठवडे लागू शकतात.

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मान्सूनची वादळं येतात. डोंगराकडे पाऊस पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असताना रस्त्याच्या उतारावरून गढूळ लोंढा येतो. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगते. पाणी दिसलं की वळा. सिमेंटच्या कोरड्या नाल्यांत मुलांना सायकल खेळू देऊ नका. पूरविमा घेतल्यावर लागू व्हायला ३० दिवस जातात, म्हणजे तो मे महिन्यातच घ्यायला हवा.

गणपती याच दिवसांत येतात. शाडूची लहान मूर्ती आणून घरीच बादलीत विसर्जन करा आणि ते पाणी डाळिंबाला घाला. हिंदू टेंपल ऑफ लास वेगास पश्चिमेकडच्या समरलिन वस्तीत आहे, तिथे मराठी कुटुंबं भेटतात.

ऑक्टोबरच्या मध्याला एका सकाळी खिडक्या उघडता येतील. त्या दिवसांत फिल्टर बदला, झाडं लावा आणि शहराजवळच्या रेड रॉक कॅन्यनची वेळ ऑनलाइन घ्या. ऑक्टोबर ते मे तिथल्या निसर्गरस्त्यावर गाडी न्यायला वेळ राखावी लागते. १ नोव्हेंबरला टायमर आठवड्यातून एका दिवसावर आणा आणि रात्रीचं तापमान ४० अंश फॅरनहाइटकडे उतरायला लागलं की कढीपत्त्याची कुंडी दक्षिणेच्या खिडकीपाशी आत घ्या.